अव्हरिलच्या कोडामागचं अक्षर

माझ्या हातून एक लग्न मोडलं. भर कँटीनमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, ओटकेकची धिरडी खाता खाता. ते लग्न झालंय हेच मला ठाऊक नव्हतं, एवढी एकच सबब माझ्याकडे आहे, आणि ती मी अजून कुणापुढे चालवून पाहिलेली नाही.

मी नोरीन टनिक्लिफ. इंग्लंडातल्या लाँगटनमध्ये कपबश्यांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे, यंदा एकतीस वर्षं झाली. पण मला पॅकिंगवाली कुणी म्हणत नाही, कोडवाली म्हणतात. चौदा वर्षांपूर्वी मला माझ्याच पगाराच्या स्लिपवर टॅक्सचा कोड चुकलेला दिसला. मी दोन ठिकाणी नोकरी करते असं कुठेतरी नोंदलं गेलं होतं आणि माझ्या सगळ्या पगारावर कर कापला जात होता. चार पत्रं लिहिली, पाच वेळा फोन केला, शेवटी पैसे परत आले. त्यात मी नवी गॅसची शेगडी घेतली, चार बर्नरची. तेव्हापासून माझ्या डोक्यात जी हवा गेली ती गेलीच.

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी पगाराच्या स्लिपा हातात पडतात. आमचा मालक जुन्या वळणाचा आहे, कागदच देतो, पाकिटात घालून. त्या दिवशी कँटीनमध्ये माझ्या टेबलाशी रांग लागायची. "नोरीन, माझा बघ गं." मी चष्मा लावायची, घसा खाकरायची आणि मोठ्यांदा वाचायची. मोठ्यांदा, कारण त्याशिवाय मजा काय? कोड समजायला काही अवघड नाही. प्रत्येकाच्या कमाईतला एक हिस्सा सरकार सोडून देतं, त्यावर कर नाही. त्या रकमेचा शेवटचा आकडा पुसला की झाले कोडाचे आकडे. आणि आकड्यांमागचं अक्षर तुम्ही कोण ते सांगतं. साध्या माणसाला एल. दुसरी नोकरी असेल तर वेगळं. नवऱ्याची किंवा बायकोची कमाई अगदीच कमी असेल, तर त्याला आपल्या हिश्श्यातला तुकडा जोडीदाराच्या नावे करता येतो. असा तुकडा ज्याला मिळतो त्याच्या कोडामागे एम येतो.

या अक्षरांवरून मी कितीकांची गुपितं कँटीनभर केली असतील. आमच्या लेनची शनिवारची बारमधली दुसरी नोकरी त्यातूनच बाहेर पडली. सगळे हसले, लेनही हसला. मला वाटायचं, हसतोय म्हणजे त्याला चाललंय.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. आमच्या भागातल्या सगळ्याच कारखान्यांत कुणाचं लग्न ठरलं की त्याला, म्हणजे जास्त करून तिला, ट्रॉलीवर बसवतात. पॅकिंगच्या पातळ कागदाच्या झिरमिळ्या करून डोक्यावर पदर घालायचा, गळ्यात फुटक्या कपांच्या कानांची माळ, आणि कपबश्या न्यायच्या ट्रॉलीवर बसवून सगळ्या कारखान्यातून मिरवायचं. पुढे मागे बायका पत्रे बडवत चालतात. भट्टीवाले शिट्ट्या मारतात. कागद पॅकिंगमध्ये असतो, त्यामुळे ट्रॉली ढकलायचा मान माझा. मी आजवर तेवीस जणींना मिरवलंय. पोटुशी होती तिलाही सोडलं नाही, आणि तिसऱ्यांदा बोहल्यावर चढणारीलाही नाही.

अव्हरिल मेचिन कधीच त्या ट्रॉलीवर बसली नाही. अठ्ठावन्न वर्षांची, सतराव्या वर्षापासून कारखान्यात. फिरत्या चाकावर कप ठेवायचा आणि कुंचला टेकवून काठावर सोनेरी रेघ ओढायची, हे तिचं काम. एका दमात, एका फेरीत. रेघ जिथून निघाली तिथेच येऊन मिळाली पाहिजे. सुरुवात कुठली आणि शेवट कुठला हे भिंग लावूनही सापडत नाही, असा तिचा हात. बाकी बाई गरीब गाय. खिडकीजवळच्या टेबलावर बसायची, डब्यातलं सँडविच खायची, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आई होती तोवर आईचं केलं. ती चार वर्षांपूर्वी गेली. नवी पोरंसुद्धा तिला गमतीनं मिस मेचिन म्हणायची. तिनं आपली स्लिप मला कधी दाखवली नव्हती, आणि ते मला खुपायचं. चाळीस जण रांग लावतात आणि ही बया पाकीट तसंच पर्समध्ये टाकते!

तो सप्टेंबरचा शेवटचा शुक्रवार. बाकीच्यांच्या स्लिपा वाचून झाल्या होत्या. मी रंगात आले होते. अव्हरिलचं पाकीट डब्याखाली दिसलं.

"आण इकडे," मी म्हटलं.

"माझा ठीक आहे गं, नोरीन."

"ठीक आहे हे तू कोण ठरवणार? चौदा वर्षांपूर्वी माझाही ठीकच होता." आणि मी डब्याखालून पाकीट ओढलं. तिनं हात पुढे केला होता. एवढंसं ओढलं असतं तिनं, तर मी सोडलं असतं. तिनं हात मागे घेतला.

मी चष्मा लावला. मोठ्यांदा वाचलं, "एक हजार तीनशे त्र्याऐंशी. एम." आणि मग पुन्हा वाचलं. "एम? अगं, एम! अव्हरिल, टॅक्सवाल्यांनी तुला नवरा दिला!"

कँटीन खिदळायला लागलं. माझंच वाक्य मला इतकं आवडलं की मी ते उभं राहून पुन्हा म्हटलं. सोनेरी कामावरची डॉन, तिशीची, तोंडाची भारी तिखट, पण मनानं चांगली, ती म्हणाली, "मिस मेचिन, छुपी रुस्तम निघालीस की! कुठे ठेवलायस त्याला?"

अव्हरिलच्या मानेवर लाल डाग चढत गेले. "काहीतरी चूक असेल," ती म्हणाली.

"चूकच आहे! आणि अशी चूक ठेवायची नसते. उद्या वसुली लावतील. चल, आत्ताच फोन करू."

"राहू दे ना. सुट्टी संपेल."

"पंचेचाळीस मिनिटं आहेत. आण तो फोन."

मी तिचाच फोन घेतला, स्पीकरवर टाकला आणि चटणीच्या बाटलीला टेकवून उभा केला. वीस मिनिटं तीच ती धून वाजत राहिली. डॉन त्या धूनवर नाचली. कुणीतरी ओटकेक आणले, चीज आणि बेकन घातलेले. अव्हरिल फोनकडे बघत बसली होती, बस चुकणार की मिळणार असं बघतात तशी. मग एका बाईचा आवाज आला, स्कॉटिश वळणाचा. अव्हरिलनं नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली, विम्याचा नंबर सांगितला. मी मध्ये तोंड घालून म्हटलं, की यांच्या कोडात लग्नाची सवलत चुकून आलीय.

"हो, यांच्या नोंदीवर ती सवलत दिसतेय," बाई म्हणाली. "कुणीतरी आपल्या हिश्श्यातला भाग यांच्या नावे केलेला आहे."

"कुणी?" मी विचारलं.

"नाव मला सांगता येणार नाही."

"सांगा हो!" डॉन ओरडली. "निदान दिसायला बरा आहे का तेवढं तरी सांगा!"

हसून हसून लेनला ठसका लागला. फोनवरची बाई मात्र हसली नाही. "मिस मेचिन," ती म्हणाली, "मला हे तुमच्या तोंडून ऐकायला हवं. तुमचं लग्न झालेलं आहे का?"

सगळे कान देऊन बसले, मजा ऐकायला. अव्हरिलनं माझ्याकडे पाहिलं. मी भुवया उडवल्या, सांग की, अशा अर्थानं.

"नाही," अव्हरिल म्हणाली. "माझं लग्न झालेलं नाही."

"मग ही सवलत काढून टाकायची?"

"हो."

"नक्की?"

"नक्की. माफ करा हं, तुम्हाला उगाच त्रास."

टाळ्या पडल्या. माझ्यासाठी कुणीतरी कस्टर्ड आणलं. मी उठले आणि नाटकातल्यासारखी कमरेत वाकून सलाम केला. तो सलाम आठवला की आजही माझी कानशिलं तापतात.

त्या दुपारी पॅकिंगला कपांचा ट्रे आला. त्यातल्या एका कपावर सोनेरी रेघ केसभर हललेली होती. एकतीस वर्षांत अव्हरिलची हललेली रेघ मी पहिल्यांदा पाहत होते. खरं तर तिथेच डोक्यात उजेड पडायला हवा होता. मी काय केलं? तो कप परत पाठवला आणि ट्रेमध्ये चिठ्ठी टाकली: 'नवऱ्याच्या आठवणीनं हात थरथरला का?'

ऑक्टोबरच्या मध्यावर एके दिवशी अव्हरिल पॅकिंगमध्ये आली. ती सहसा खाली येत नाही. "शनिवारी गाडी मोकळी आहे का तुझी?" तिनं विचारलं. "एका माणसाला कोडाचं समजावून सांगायचंय. मला नीट सांगता येईना."

मी लगेच फुलले. "का नाही? कुठे राहतो?"

"लीकच्या रस्त्यावर. नर्सिंग होममध्ये."

शनिवारी तिला घेतलं. ती सीटबेल्ट लावून सरळ पुढे बघत बसली. हॅनलीचा चौक गेला, पेट्रोल पंप गेला. मी सासूबाईंच्या गुडघ्याबद्दल बडबडत होते. एका सिग्नलला थांबलो तेव्हा ती म्हणाली, "नोरीन, माझं लग्न झालंय. येत्या नोव्हेंबरात दोन वर्षं होतील."

मागून कुणीतरी हॉर्न दिला. सिग्नल हिरवा झाला होता.

तिनं मग थोडक्यात सांगितलं. आईचं शेवटचं वर्ष त्याच नर्सिंग होममध्ये गेलं. ती रोज कामावरून सुटली की बसनं जायची. शेजारच्या खोलीत आयव्हर ब्लोर होता. त्याचं सगळं आयुष्य दुसऱ्या एका कपबश्यांच्या कारखान्यात, मातीच्या खात्यात गेलं, ती धूळ छातीत बसली, कारखाना बंद पडला आणि हा अंथरुणाला लागला. आई गेली, तरी अव्हरिलची बस तीच राहिली. लग्न तिथेच झालं, दिवाणखान्यात, दोन नर्स साक्षीदार. मग गेल्या जूनमध्ये आयव्हरनं स्वतः एका नर्सकडून अर्ज भरून घेतला आणि आपल्या हिश्श्यातला तुकडा अव्हरिलच्या नावे केला. महिन्याला वीस-एकवीस पौंड होतात त्याचे.

"मग तू सांगितलं का नाहीस, बाई?" माझा आवाज चिरका निघाला. "त्या दिवशी? एका शब्दानं जरी म्हणाली असतीस..."

"ट्रॉली," ती म्हणाली.

मी हीटर लावला. मग बंद केला. मग पुन्हा लावला.

"ज्याला खोलीच्या दारापर्यंत चालवत नाही त्याच्याशी लग्न केलं मी," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "त्यावर पत्रे बडवलेले नको होते मला. म्हटलं, कुणाला कशाला सांगायचं. मग सगळे बघत होते, आणि ती बाई विचारत होती, आणि मी नाही म्हणून बसले. पत्र त्यालाही जाईल हे मला माहीत नव्हतं. परवा ते त्याच्या बिस्किटांच्या डब्याखाली सापडलं."

मला माहीत होतं. म्हणजे विचारलं असतं तर सांगता आलं असतं. सवलत काढली की देणाऱ्यालाही कळवतात, त्याचाही कोड बदलतो. चौदा वर्षं लोकांना हे शिकवत होते मी.

आयव्हर खिडकीशी खुर्चीत बसला होता, नाकात नळी, पायांवर चौकड्याची शाल. चेहरा हाडांचा, पण डोळे मिश्किल. बाजूला यंत्र सुस्कारे टाकत होतं.

"तुम्ही त्या कोडवाल्या," तो म्हणाला.

"हो, मिस्टर ब्लोर."

"बसा. उभ्या माणसाकडे मान वर करून बघावं लागतं, आणि माझ्याकडे हवा मोजकीच आहे."

मी बसले. त्यानं बिस्किटांच्या डब्याखालून एक पत्र काढलं. घड्यांवर ते मऊ झालं होतं, इतक्या वेळा उघडलेलं. "हे आलं," तो म्हणाला. "ही सवलत बंद करण्यात येत आहे म्हणून. का, ते मी नर्सकडून फोन करवून विचारलं. म्हणाले, समोरच्या बाजूनं कळवलंय, विवाह नाही." तो श्वास घ्यायला थांबला. "अकरा दिवस ठेवलं डब्याखाली. मला वाटलं, आली पोरगी शुद्धीवर. म्हटलं, बरंच झालं तिचं. पण ती रोज यायची, केस विंचरून द्यायची. मी म्हटलं, सांगेल तेव्हा सांगेल. मी कशाला विचारू?"

"अकरा दिवस," अव्हरिल म्हणाली. "आणि मला कळूही दिलं नाहीस."

"तू कुठे कळू दिलंस?"

त्या खोलीत मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अकरा दिवस तो माणूस रोज संध्याकाळी बायकोची वाट बघत होता आणि रोज तिला मनातल्या मनात सोडून देत होता, आणि ते माझ्या कस्टर्डच्या बदल्यात. मी घाईघाईनं म्हटलं, "मिस्टर ब्लोर, हे सगळं मी केलं. पाकीट मी ओढलं, फोन मी लावला. नाही म्हटलं तेही मीच. तिनं तोंड उघडलं नाही."

"नाही, नोरीन," अव्हरिल म्हणाली. "बाईनं मला विचारलं होतं. मी म्हणाले, माझं लग्न झालेलं नाही. माझ्या तोंडानं म्हणाले."

आयव्हर तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ट्रॉली?"

"ट्रॉली," ती म्हणाली.

तो हसायला लागला. हसण्याचा खोकला झाला, खोकल्यातून पुन्हा हसू. अव्हरिलनं त्याची पाठ चोळली. "चाळीस वर्षं हात हलला नाही हिचा," तो मला म्हणाला, "आणि भ्यायली कशाला, तर कागदाच्या झिरमिळ्यांना! मला जिवंतपणी पुसून टाकलं!" डोळे पुसून तो शांत झाला. मग हसू आवरून त्यानं विचारलं, "तुमच्याकडे ट्रॉली कोण ढकलतं?"

"मी," मी म्हटलं.

"हं," तो म्हणाला.

त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग त्यानं माझ्याकडून नवा अर्ज भरून घेतला, माझ्या फोनवर. त्याचा नंबर त्याला पाठ होता. लग्नाची तारीख विचारली तेव्हा दोघं एकदम बोलले. शेवटचं बटण मी दाबायला गेले तर म्हणाला, "थांबा. ते मी दाबणार." पहिल्यांदा काही झालं नाही, अंगठा फार थंड होता. त्यानं तो शालीवर घासला आणि पुन्हा टेकवला.

"घर कौन्सिलचं, भाड्याचं होतं," तो म्हणाला. "अंगठी बाजारातली. माझ्या नावावर एवढी एकच गोष्ट आहे जी मला लागत नाही आणि हिला लागते. ती मी दिलेली आहे. आता पुन्हा कुणी परत पाठवू नका."

परतताना मी गाडीत म्हटलं, "सोमवारी कँटीनमध्ये सगळ्यांसमोर सांगते. माझी चूक झाली म्हणून. उभी राहून सांगते."

"नको."

"अगं, पण सांगायला हवं. मला झोप नाही लागायची."

"सांगितलंस तर तुला बरं वाटेल," अव्हरिल म्हणाली. "मला नाही वाटणार. तू कुणाला काही बोलायचं नाहीस, नोरीन. तेवढं कर."

म्हणून मी तेवढं केलं. आणि ते फार जड गेलं, कारण माझं ते वाक्य कारखान्यात अमर झालं होतं. 'टॅक्सचा नवरा.' अव्हरिल जिन्यावरून उतरली की भट्टीवाले विचारायचे, "काय म्हणतो टॅक्सचा नवरा?" ती हसायची, हात हलवायची आणि पुढे जायची. नवीन कुणी कामाला लागलं की त्याला माझी गोष्ट सांगायचे, नोरीननं टॅक्सवाल्यांना कसं पकडलं ती. माझ्या पाठीवर थापा पडायच्या. मी म्हणायची, जाऊ दे रे, जुनं झालं. त्यांना वाटायचं, मी नम्र झालेय. स्लिपा वाचणं मी बंद केलं, चष्म्याचा नंबर वाढलाय असं सांगून. नोव्हेंबरात कोडामागे एम परत आला. अव्हरिलनं जिन्याखाली नेऊन मला स्लिप दाखवली आणि लगेच पर्समध्ये टाकली.

नाताळात आम्ही पिशवीतून चिठ्ठ्या काढून एकमेकांना गुपचूप भेट देतो. अव्हरिलला भेट आली पुरुषाचा टाय, निळा, त्यावर छोट्या छोट्या किटल्या. सोबत कार्ड, डॉनच्या अक्षरात: 'टॅक्सच्या नवऱ्यासाठी.' कँटीन लोटपोट. अव्हरिलनं टायची नीट घडी केली. नाताळच्या दुपारी मी माझा पुडिंगचा तुकडा घेऊन नर्सिंग होममध्ये गेले, तर आयव्हर पायजम्याच्या शर्टावर तो टाय बांधून ताठ बसलेला.

"शेवटी तुमच्या कारखान्यानं आहेर केला म्हणायचा," तो म्हणाला.

नऊ फेब्रुवारीला तो गेला. स्मशानाच्या प्रार्थनागृहात आम्ही सात जण होतो, त्यातल्या तीन नर्स. त्याला तोच टाय घातला होता. अव्हरिलनं कामावर सर्दी झाली म्हणून कळवलं होतं. तिसऱ्या दिवशी ती चाकावर बसली आणि रेघा ओढायला लागली. त्या रेघा माझ्याकडे पॅकिंगला आल्या. एकही हललेली नव्हती. मी त्या कागदात गुंडाळत होते आणि रडत होते, आणि शेजारच्या पोरीला सांगत होते की कागदाची धूळ डोळ्यांत जाते.

फेब्रुवारीचा शेवटचा शुक्रवार आला. पाकिटं वाटली गेली. मी कोपऱ्यात माझ्या ओटकेकवर चीज पसरत होते. अव्हरिल आत आली, आणि डॉननं नेहमीप्रमाणे हाक दिली, अगदी प्रेमानं, "काय गं अव्हरिल, सर्दी गेली का? टॅक्सच्या नवऱ्यानं काढा करून दिला की नाही?"

चार-पाच जण हसले. मी मान वर केली नाही. माझ्या तोंडात एक शब्द होता, नुसता 'डॉन' एवढाच, तो म्हणाले असते तरी पुरे होतं. मी वचन दिलं होतं म्हणून गप्प बसले असं मी स्वतःला सांगितलं. पण खरं सांगायचं तर मी भ्याले. ते हसू माझ्याकडे वळेल म्हणून भ्याले.

अव्हरिल खिडकीच्या टेबलाकडे गेली नाही. ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पाकीट फाडलं, स्लिप काढली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली.

"नोरीन, माझा कोड बघ."

"अव्हरिल..."

"चष्मा लाव."

मी लावला. कँटीन गंमत बघायला वळलं, कोडवाली पुन्हा कामाला लागली म्हणून.

"वाच," ती म्हणाली. "तेव्हा वाचलास तसा."

मी उठून उभी राहिले. "एक हजार तीनशे त्र्याऐंशी," मी वाचलं. "एम."

डॉन हसायला तोंड उघडत होती. अव्हरिल तिच्याकडे वळली, रागानं नाही. "माझा नवरा या महिन्याच्या नऊ तारखेला गेला, डॉन," ती म्हणाली. "आयव्हर नाव होतं त्याचं. तू दिलेला टाय घातला होता त्याला. त्याला फार आवडला होता." मग पुन्हा माझ्याकडे. "तो गेला, म्हणून आता एम काढतील का?"

"नाही," मी म्हटलं. मी टेबलाची कड धरली. "त्यानं दिलेलं राहतं. करवर्ष संपेपर्यंत, पाच एप्रिलपर्यंत राहतं."

"म्हणजे हा कोड बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

ती स्लिप उचलत नव्हती. बोट त्या अक्षरावर ठेवून थांबली होती. सुट्टी संपल्याची घंटा झाली. कुणी उठलं नाही. ती कशासाठी थांबलीय ते मला कळलं.

"आणि तेव्हाही बरोबर होता," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "चूक मी केली होती."

अव्हरिलनं स्लिपची घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि चाकावर निघून गेली.